खैरुद्दीन नानाचं पोहणं

खैरुद्दीन तीस वर्षं आखातातल्या फुजैराच्या बंदरात बार्जवर होता. नांगरलेल्या जहाजांत तेल भरायचं, हेच काम. आणि या माणसाला पोहता येत नव्हतं. तुम्ही म्हणाल, रत्नागिरीचा माणूस आणि पोहता येत नाही? अहो, सगळे असंच धरून चालले, म्हणून तर कुणी कधी विचारलंच नाही. नऊ वर्षांच्या नातीनं, नबिलानं, मात्र एकदा विचारलं, तर गडी छाती फुगवून बोलून गेला की तुझा नाना म्हणजे मासाच.

आता ती थाप अंगाशी आली होती. लेक यम्नानं ईदच्या सुट्टीत माल्टाची तिकिटं काढली. जुने किल्ले, दगडी गल्ल्या, सगळं बघायचं होतं. पण नबिलाचा जीव अडकला होता तिथल्या निळ्या खाडीत. नानाचा हात धरून बोटीतून उडी मारायची, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. खोल पाण्यात, नानाच्या भरवशावर! खैरुद्दीनची झोप उडाली. बायको मरियमबी रोज बजावायची की पोरीला खरं सांगा, नाहीतर मी सांगते. हा म्हणायचा, उद्या सांगतो, इन्शाल्ला.

शनिवारी सराव म्हणून सगळे फुजैराच्या किनाऱ्यावर आले. नबिलानं नानाला मास्क चढवला, नळी दातांत दिली आणि समोरच्या खडकापर्यंत पोहत जायचं म्हणाली. कंबरभर पाण्यातच तो थांबला. वेळ काढायला म्हणून त्यानं नुसतं तोंड पाण्यात घातलं.

या अल्ला! पायांशी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, झुंडीनं. एक निळा तर बोटाला तोंड लावून गेला. पलीकडे परातीएवढं कासव निवांत शेवाळ खात होतं, आणि ऊन थेट वाळूपर्यंत उतरलं होतं. तीस वर्षं तो या पाण्यावर जेवला, झोपला, नमाज पढला. खाली नुसता काळोख असेल असंच धरून चालला होता. त्याला रडूच आलं.

मान वर काढली तर नबिला पुढे निघालेली, पाणी तिच्या गळ्यापर्यंत. त्यानं धावत जाऊन तिचा दंड धरला.

"नबिला, मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. मी खोटं बोललो."

ती हळूच म्हणाली, "बट नाना, माल्टाला मी जंप केली असती तर?"

खैरुद्दीननं तिचा दंड सोडला नाही. किनाऱ्यावर मरियमबी उठून उभी राहिली होती.

नबिला त्याला ओढत उथळ पाण्यात घेऊन आली आणि शाळेतली पोहण्याची टीचर धरते तसा त्याच्या पोटाखाली हात धरला.

"लाय डाउन, नाना. मी धरलंय."

खैरुद्दीननं श्वास घेतला आणि वाळूवरून पाय उचलले.