ओवशाची गौर

जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात गौरीचे डोळे काढावेत ते जनीनेच. मुखवटा घडवायचा तिचा नवरा पुंडलिक, पण त्यात जीव यायचा तो जनीच्या कुंचल्याने. म्हणून लेकीच्या सासरी, वरशाला, व्याह्यांनी यंदा हट्टच धरला, की गौर विहीणबाईंच्याच हातची पाहिजे. लग्नानंतर पहिल्यांदाच गौर पूर्वा नक्षत्रावर येत होती ना! मग नव्या सुनेने माहेरची भरली सुपं गौरीपुढे ओवाळायची, ओवसा करायचा. म्हणजे सुपं माहेरची, सून माहेरची, आता देवीसुद्धा माहेरची. यांचं स्वतःचं काय, तर हात उगारणारा मुलगा तेवढा!

आणि सून होती कुठं? जोह्यातच, मागच्या खोलीत, दंडावरचे काळेनिळे वळ झाकून. भाविका श्रावणात आली तीच मुळी "मी परत जायची नाय" म्हणत.

"ओवसा होऊ दे, मग बघू," पुंडलिक म्हणाला. "आता नाय धाडली तर गावात तोंड कसं दाखवू?"

पोरीचं तोंड बघितलंत काय, असं जनीच्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं तिने. मग सगळा संताप कुंचल्यात उतरला. गौरीची नजर तिने सरळ काढली, टक्क उघडी, समोरच्याला जाब विचारणारी. अशी नजर तिने आजवर कुणालाच काढून दिली नव्हती.

जावई प्रवीण बायकोला आणि गौरीला एकदमच न्यायला आला. मुखवटा बघून हसला. "सासूबाय, ही तर खाऊ का गिळू करते! आमच्या घरात असली नजर नाय चालत."

"नजर खाली घे गो," पुंडलिक घाईने बोलला.

भाविका दारात उभी राहून आईकडेच बघत होती. गौर घेऊन जा, पोर इथंच राहील. एवढंच बोलायचं होतं. एवढंच! जनीने तोंड उघडलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि रंगाची वाटी पुढे ओढली. डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात मारला. सुकल्यावर पापण्या अर्ध्या झाकून काढल्या. हात जरासुद्धा कापला नाय मेला.

भाविकाने आपली पिशवी आपणच उचलली.

ओवशाला जनी सुपं घेऊन वरशाला गेली. बायका गौरीवर नुसत्या जीव टाकत होत्या. "काय सोज्वळ नजर हो! विहीणबाय, काय हात हाय तुमचा!" भाविका लांब बाह्यांचा नवा ब्लाउज घालून सूप ओवाळत होती. ओठ सुजलेला होता, त्यावर लाली फासली होती. दुसरं सूप हातात द्यायला जनी जवळ गेली, तेव्हा पोर हळूच म्हणाली, "आये, तू नाय बोललीस ते नाय बोललीस. निदान गौरीला तरी बघू द्यायचं होतंस."

जनीने सूप तिच्या हातात दिलं आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. विहिणीने तिला कुंकू लावलं, तेव्हा ती हसलीसुद्धा.