लाथेची रेघ

मी एक जुने यंत्र आहे, मित्रांनो, आणि माझ्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला आहे. तो कसा गेला, हे सांगायलाच आज तोंड उघडले आहे.

कंबर दुखणाऱ्या माणसाच्या पाठीवर माझ्या चिकट चकत्या लावतात. स्नायू कामाला लागला की त्यात बारीकशी वीज खेळते आणि माझ्या पडद्यावर रेघ उसळते. निरोगी माणूस पूर्ण खाली वाकला की पाठीचे स्नायू सैल पडतात आणि रेघ आडवी होते. दुखऱ्या पाठीचे स्नायू मात्र बरेचदा ताठच राहतात. ते पाहून आमच्या डॉक्टरबाई उपचार ठरवतात. कारखान्यातून आले तेव्हा माझा केवढा थाट होता! पुढे नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी खिडकीजवळच्या टेबलावर झाली.

एके सकाळी दोघे भाऊ आले. आले कसले, थोरल्याने धाकट्याला मानगुटीला धरून आत ढकलले. लोकांचे घरसामान हलवणे हा दोघांचा धंदा.

"बाई, हा सोंग करतोय. कपाटाला हात लावायला तयार नाही," थोरला म्हणाला. "तुमच्या मशीनने याचं पितळ उघडं पाडा. खाली गाडी उभी आहे, लगेच कामाला जुंपतो."

बाईंनी धाकट्याचा सदरा वर केला. कमरेवर बुटाची काळीनिळी खूण होती. चकत्या लावायला जागा शोधावी लागली.

"हे कुणी केलं?"

"मीच. लाथ घातल्याशिवाय उठतच नाही."

धाकटा ओठ चावत वाकला. रेघ काही खाली येईना.

"मशीन बिघडलंय!" थोरला ओरडला आणि त्याने भावाच्या कानाखाली एक ठेवून दिली. धाकटा खालीच बसला.

"बिघडलंय ना? मग तुम्हालाच लावून बघू," बाई म्हणाल्या.

थोरल्याने मोठ्या तोऱ्यात चकत्या लावून घेतल्या. तो वाकला, हात जमिनीला टेकले आणि रेघ मुकाट्याने आडवी झाली.

"तुमची पाठ ठणठणीत आहे आणि मशीनही. याची पाठ नाही. आज याने वजन उचललं तर महिनाभर अंथरूण सुटणार नाही."

थोरल्याचा चेहरा लालबुंद झाला. चुकलो म्हणण्यापेक्षा मारणे त्याला सोपे वाटले. चकत्या पाठीवर असतानाच तो वळला आणि त्याने भावाच्या कमरेत लाथ घातली. मग दुसरी. धाकटा टेबलाचा पाय धरून किंचाळला. माझ्या उभ्या आयुष्यातली सर्वांत उंच रेघ तेव्हा उमटली. ती त्या लाथेची होती आणि मला तिची अजून लाज वाटते. तिसऱ्या लाथेला वायरींनी मला ओढले, मी फरशीवर आपटले आणि काच तडकली. बाईंच्या हाकेसरशी शेजारच्या खोलीतली माणसे धावली. एकाचे नाक फोडूनच थोरला त्यांच्या हाती लागला.

धाकट्याच्या तोंडातून रक्त येत होते. "दादा," तो म्हणाला, "आता तरी पटलं ना, खरंच दुखतंय?"

थोरल्याने मान फिरवली.

धाकटा त्याच्याबरोबर पुन्हा गेला नाही. बाईंनी त्याला माझ्या फुटक्या पडद्यासमोर दोन महिने वाकायला आणि स्नायू सैल सोडायला शिकवले. शेवटी त्याची रेघ आडवी झाली. जिन्यावर जड बुटांचा आवाज आला की मात्र ती अजून उसळायची.

मित्रांनो, माझी काच पुसा, वायरी नीट गुंडाळून ठेवा. पण कुणी "दुखतंय" म्हणाले, तर माझी वाट पाहू नका. माझ्या हुशारीचे कौतुक झाले की मला वाईटच वाटते. भावाचे दुखणे भावाला पटवायला यंत्र लागावे, आणि तेही पुरू नये, यात कौतुक कसले?