इंग्रजीचा अनध्याय

आमच्या घरात परीक्षेच्या तयारीवर बोलायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि त्या माणसानं जन्मात एकही लेखी पेपर दिलेला नव्हता. ते म्हणजे आमचे अण्णा. वेदमूर्ती ढुंढिराजशास्त्री, काशीच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीतले घनपाठी. घनपाठी म्हणजे काय ते आधी सांगते, नाही तर पुढचा तमाशा कळायचा नाही. या लोकांना वेदातले शब्द नुसते ओळीनं पाठ नसतात. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, परत पहिला-दुसरा-तिसरा, असं पुढेमागे विणत जायचं. शिवाय प्रत्येक स्वराबरोबर उजवा हात वर, खाली, बाजूला न्यायचा. हात चुकला तर पाठ चुकला.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, मृणालिनी. बी.एस्सी. झाले होते आणि मला पुण्याला जायचं होतं. तिथल्या एका मॅनेजमेंटच्या संस्थेची प्रवेश परीक्षा होती, तिचं केंद्र बनारसलाही होतं. अण्णांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. परीक्षा एकदाच द्यायची. नाव लागलं तर पुणे, नाही तर बी.एड. करून दूधविनायकाच्या गल्लीतल्या कन्याशाळेत मास्तरीण. त्या शाळेत मी शिकले, माझी आई शिकली, आणि दोघींना एकाच फुटक्या फळ्यावर शिकवलं गेलं. त्याच फळ्यापुढे आता मी खडू घेऊन उभी राहायची.

दुसरी अट, तयारी अण्णांच्या पद्धतीनं.

"तयारी कशी करायची ते आमच्या घराण्याला कोणी शिकवायला नको," अण्णा म्हणाले.

मी हो म्हटलं. गरजवंताला अक्कल नसते, दुसरं काय!

तिकडे रत्नाकरमामाला बातमी लागली. मामा बँकेत. प्रमोशनची परीक्षा तो दरवर्षी देतो, दरवर्षी नवी गाईडं घेतो आणि दरवर्षी तिथल्या तिथे राहतो, त्यामुळे गाईडांचा अनुभव दांडगा. रविवारी सकाळी तो रिक्षात पोतं घालून आला. पोत्यातून इंग्रजी निघालं, गणित निघालं, सामान्य ज्ञान निघालं, रेल्वे भरतीचं निघालं आणि नर्सिंगच्या प्रवेशाचंसुद्धा एक निघालं.

"नर्सिंगचं कशाला रे मामा?"

"असू दे. कुठून काय विचारतील सांगता येत नाही. विषयाला निदान चार पुस्तकं पाहिजेत, मृणाल. शिवाय रंगीत पेन्सिलींनी टाइमटेबल करायचं. मी दर वर्षी करतो."

"आणि दर वर्षी काय होतं?" अण्णांनी विचारलं.

 आईनं मामापुढे पोह्यांची बशी ठेवली, भावाची बाजू घ्यायची तिची तेवढीच रीत होती.

अण्णांनी मांडी ठोकली. "एक पुस्तक. एक गुरू. ते संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दोन होड्यांत पाय ठेवला की माणूस गंगेत."

मग सुरू झाली निवड. अण्णा एकेक पुस्तक उचलायचे, पहिलं पान बघायचे, शेवटचं पान बघायचे आणि बाजूला टाकायचे. दोष सगळ्यांचा एकच निघाला.

"उत्तरं मागे छापली आहेत! म्हणजे लेखकाचाच विद्यार्थ्यावर विश्वास नाही."

शेवटी एक पुस्तक उरलं, ज्यात मागे उत्तरं नव्हती. कशी असणार? मागची पानं कोणी तरी फाडून त्यात शेंगदाणे बांधले होते. मी हे ओरडून सांगितलं, मामानंही सांगितलं. अण्णा म्हणाले, "ज्यानं फाडली त्यानं पुस्तकावर उपकार केले." झालं! माझ्या आयुष्याचा निकाल एका शेंगदाणेवाल्याच्या हातून लागला.

त्या पुस्तकात इंग्रजी शब्दांची भली मोठी यादी होती, शब्द आणि समोर अर्थ. अण्णांना ती बघून जो आनंद झाला तो माझ्या जन्माच्या वेळीही झाला नसेल. मामाकडून त्यांनी दोन संध्याकाळ बसून उच्चार घेतले. तिसऱ्या दिवशी पहाटे मला समोर बसवलं.

"ॲबॅन्डन ॲबेस, ॲबेस ॲबॅन्डन, ॲबॅन्डन ॲबेस ॲबेट, ॲबेट ॲबेस ॲबॅन्डन, ॲबॅन्डन ॲबेस ॲबेट. म्हण. आणि हात कुठाय?"

"अण्णा, इंग्रजीला हात कशाला?"

"जिथे जोर, तिथे हात वर. हातात बसलेलं तोंडातून जात नाही."

"आणि अर्थ?"

"अर्थ नंतर. आधी पाठ."

बघा हं! पोरीला वेद शिकवायला शास्त्राची मनाई, पण डिक्शनरीचा घनपाठ करून घ्यायला कोणाचीच ना नव्हती. शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं की मृणालला वाऱ्याचं काही झालंय का, सकाळपासून हात उडवतेय. मी वरूनच ओरडले की काही झालेलं नाही, मॅनेजमेंट चाललंय.

एवढ्यावर भागतं तर ठीक होतं. पण वेदाच्या पाठाला अनध्याय असतात, म्हणजे पाठ बंद ठेवायचे दिवस. प्रतिपदेला नाही, अष्टमीला नाही, चतुर्दशीला नाही, पौर्णिमा-अमावस्येला नाही. अवेळी ढग गडगडले, बंद. गल्लीतून प्रेत जात असलं, तेवढा वेळ बंद. आता काशीत राहून हा नियम पाळायचा! इकडे मी 'बी' संपवून 'सी'ला हात घालणार, तोच गल्लीतून 'राम नाम सत्य है.' अण्णा डोळे मिटून थांबत. एक जायचं की दुसरं यायचं. थंडीचे दिवस, म्हातारी माणसं टपकत होती पटापट. मला त्यांची दया यायला हवी होती, पण खरं सांगते, मला नुसता राग यायचा.

त्यातून आमची मनी. गुरू आणि शिष्य यांच्या मधून मांजर गेलं की अख्ख्या दिवसाचा पाठ बंद, असाही एक नियम आहे म्हणे. त्या बयेला हे कसं कळलं कोण जाणे. एरवी उन्हात पालथी पडलेली असायची. आम्ही समोरासमोर बसलो की शेपटी वर करून बरोब्बर मधून. 'डी'चे शब्द तिच्यामुळे तीन वेळा अडले. चौथ्या दिवशी मी तिला तांदळाच्या रिकाम्या डब्यात घालून वर पाटा ठेवला. आईनं तिला सोडवलं आणि मला बोल बोल बोलली.

"अण्णा, इंग्रजीला कसला आलाय अनध्याय?" मी एकदा तडकलेच.

"पाठ तो पाठ," अण्णा शांतपणे म्हणाले. "भाषा कुठली का असेना. चाळीस वर्षांत मी अनध्यायाला तोंडातून अक्षर काढलेलं नाही. एका मोठ्या यजमानानं अमावस्येला बोलावलं होतं, हातातली दक्षिणा सोडून परत आलो."

गणिताला मात्र त्यांची हरकत नव्हती, कारण गणित म्हणजे ज्योतिषाचं अंग. त्यामुळे अनध्यायाच्या दिवशी मी गच्चीवर जाऊन गणितं करायची आणि तेच पुस्तक पुढे ओढून मुकाट्यानं अर्थ वाचायची. तोंड मिटलेलं होतं, म्हणजे शास्त्रही शाबूत. अशी रडतखडत मी झेडपर्यंत पोहोचले.

मग प्रवेशपत्र आलं. अण्णांनी तारीख वाचली, पंचांग काढलं आणि तिथीवर बोट ठेवलं.

"अमावस्या आहे."

मी काही बोलायच्या आत आईच बोलली, "अहो, पोरीचं वर्ष जाईल!"

"जाऊ नकोस असं कुठं म्हणतोय मी? लिहिणं म्हणजे पाठ नव्हे. खुशाल लिही. फक्त तोंडानं काही म्हणायचं नाही."

परीक्षेच्या दिवशी अण्णा सोबत आले आणि केंद्राच्या आवारात कडुनिंबाखाली पंचा अंथरून बसले. मी आत गेले. गणित छान सुटलं. मग इंग्रजी. विरुद्धार्थी शब्द ओळखा, ऑब्ड्युरेट. समोर चार पर्याय. शब्द ओळखीचा होता हो, रोज भेटणारा होता, पण अर्थ काही केल्या येईना. घशात अडकला मेला! आणि मग माझ्या नकळत ओठ हलायला लागले. "ऑब्ड्युरेट ऑबीस, ऑबीस ऑब्ड्युरेट..." ओठ हलले की हात आलाच. वर, खाली, बाजूला.

"ये क्या इशारा हो रहा है?"

पहारा करणारे मास्तर डोक्यावर उभे. "पीछे किसको बता रही हो? हाथ ऊपर मतलब पहला जवाब, नीचे मतलब दूसरा, यही ना?"

मी सांगायला गेले की सर, हा पाठ आहे, घनपाठ. मास्तर म्हणाले की त्यांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ बहाणे ऐकले, हा मात्र नवा आहे. पेपर काढून घेतला आणि मला केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत नेऊन उभं केलं. बाहेर घड्याळ चाललेलं, आत माझा कोरा चेहरा. डोळ्यांसमोर तो फुटका फळा दिसायला लागला. मी म्हटलं, "सर, माझे वडील बाहेर आहेत. त्यांना विचारा."

अण्णा आले. साहेबांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "पंडितजी, लड़की कहती है यह कोई पाठ है. आप ही ने सिखाया. ज़रा सुनाइए तो मानें."

अण्णांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. का गेली ते मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं. त्या यजमानाची दक्षिणा. मी खाली मान घालून उभी राहिले. त्यांच्याकडे बघायची माझी छाती होईना. संपलं, म्हटलं मनात. बी.एड.

"लड़की का मुँह उधर दीवार की तरफ़ कीजिए," अण्णा म्हणाले. "मेरा इधर. हम एक-दूसरे को नहीं देखेंगे. फिर देख लीजिए, दोनों के हाथ एक साथ चलते हैं कि नहीं."

आम्ही पाठीला पाठ लावून उभे राहिलो. अण्णांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "ऑब्ड्युरेट ऑबीस, ऑबीस ऑब्ड्युरेट, ऑब्ड्युरेट ऑबीस ऑब्लिक..." मीही लागले मागोमाग. 'ओ' संपला, 'पी' लागला. मला त्यांचा हात दिसत नव्हता, पण त्यांच्या खांद्याचं हलणं माझ्या पाठीला कळत होतं, आणि ते माझ्याबरोबरच हलत होतं. दारात शिपाई गोळा झाले. एकानं तर हात जोडले. साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले, मग स्वतः उठून माझा पेपर मास्तरांच्या हातातून घेतला आणि मला दिला. "जाओ बेटा. जितना समय गया, आख़िर में उतना बढ़ा देंगे."

दारातून मी वळून बघितलं. "अण्णा, आज अमावस्या..."

"इंग्रजीला कसला आलाय अनध्याय!" अण्णा म्हणाले. "जा, पेपर लिही."

काय?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसला आलाय? मग इतके महिने काय चाललं होतं? माझ्या अष्टम्या, माझ्या चतुर्दश्या, ती मांजर! माझंच वाक्य, मलाच! मी जागेवर बसले ती तणतणतच. ऑब्ड्युरेट म्हणजे हट्टी, कोणाचंही न ऐकणारा, झटक्यात आठवलं. आठवणारच, डोळ्यांसमोर उभाच होता. विरुद्धार्थी शब्द, यील्डिंग, नमणारा. केली खूण, पुढे. सगळा पेपर मी असा दात-ओठ खात सोडवला. एका शब्दाला अडले नाही.

बाहेर आले तर कडुनिंबाखाली कोणी नाही. बरंच झालं म्हटलं, वाटेत भांडण तयार करायला वेळ मिळेल. एकेक मुद्दा घोळवत घरी पोहोचले. दार आईनं उघडलं, तिचे डोळे लाल.

"आले आणि तसेच घाटावर गेले गं. आज अन्नाला शिवणार नाही म्हणाले. उद्याही नाही. झालं काय तिथे?"

मी पळत घाटावर गेले. जानेवारीची गंगा, वारा असा की हाडं वाजावीत, आणि अण्णा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बुडी मारत होते. वर येत होते, काही तरी पुटपुटत होते आणि परत बुडी.

"अण्णा! इंग्रजीला अनध्याय नाही म्हणालात ना? मग हे काय?"

त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. "पाठ तो पाठ."

"मग तिथे खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं असतं, तर आत जाऊन रडत बसली असतीस. तुला राग आला की तुझं डोकं चालतं. लहानपणापासून बघतोय."

पुण्याला माझं नाव लागलं हे पुढे होळीच्या सुमाराला कळलं. पण मी रडले ती त्या दुपारी, घाटाच्या पायरीवर बसून, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत. भांडणाचे सगळे मुद्दे पोटातच राहिले.

"पुरे आता, पंचा दे इकडे," अण्णा कुडकुडत वर आले. "आणि मामाला निरोप पाठव. ते पुस्तक संपलं. आता दुसरं आणलं तरी चालेल म्हणावं."