करंगळीपासून

भैय्यालालनं 'कट' म्हटल्यावरही लोक हसत होते. रायपूरजवळच्या बीरगांवच्या किराणा दुकानासमोर आमचं शूटिंग चाललं होतं, आणि कारखान्याची पहिली पाळी सुटून आलेली माणसं सायकली टेकवून बघत उभी राहिली होती. त्यांना कोणी कट सांगितलेलं नव्हतं.

"दीदी, एक और," भैय्यालाल म्हणाला. "हाथ थोड़ा कैमरे की तरफ. उंगलियाँ दिखनी चाहिए."

मी पुन्हा पदर कमरेला खोचला, लांब सुस्कारा सोडला, "ले बहिनी, मोरेच गलती हे" म्हटलं, आणि पंजा उघडून अंगठ्यापासून एकेकाची चूक मोजायला लागले. दूधवाला, सून, सरपंच. चूक माझीच असं म्हणायचं आणि अख्ख्या गावाला पिंजऱ्यात उभं करायचं, ही माझी फूफू, म्हणजे आत्याबाई. सतरा वर्षं मी तेच करते आहे. सिनेमा बदलतो, नायक बदलतो, नायिका तर दर वेळी नवी येते. फूफू तीच राहते, फक्त तिचे गुडघे दुखायला लागले आहेत.

गर्दीत एकच माणूस हसत नव्हता. कानांवरचे केस पिकलेले, हातात हेल्मेट. नाकावरून ओळखलं. ते नाक मी नऊ वर्षं भिंतीपलीकडे पाहिलं होतं.

"शांताबाईचा सुशील ना रे तू?"

"हव काकू." तो जवळ आला. "आईले लकवा मारला. दोन महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं."

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मेकअपवाली पोट्टी पावडर लावायला आली, तिला हातानंच थांबवलं.

"बोलायला शिकवणारी एक बाई येते घरी," तो सांगू लागला. "ते म्हणे, पेशंटचं जुनं बोलणं कुठं टेप केलेलं असन त रोज ऐकवा. सारं घर पाहून झालं. लग्नाची कॅसेट लावली, त्याच्यात आई नुसती अक्षता टाकून राहिली. आवाज बँडचाच हाय."

"मंग?"

"आई पहिले जशी बोलायची, तसं आता एकच माणूस बोलते." त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "तुम्ही येता का, काकू?"

"तुह्या आईनं मले उंबरा चढू नको म्हणून सांगितलं आहे."

"माहीत हाय मले," सुशील म्हणाला. "म्हणूनच इथं आलो. फोनवर तुम्ही नाही म्हटलं असतं."

खरं होतं. नाहीच म्हटलं असतं.

रायपूरच्या पुरानी बस्तीत आमची आणि शांताबाईंची भिंत एक होती. माझे यजमान श्यामराव रेल्वेत, मी सिंचाई खात्यात बाबू. सकाळी मी पोळ्या लाटत असे तेव्हा भिंतीपलीकडे शांताबाई सुरू झालेल्या असत. "बरं बाई, चुकलं माझंच," असा पहिला सूर लागायचा. मग ज्यांचं ज्यांचं खरोखर चुकलं होतं त्यांची यादी. नळ सोडणारा, मास्तर, नणंद, इंदिरा गांधींच्या वेळचा एक तलाठी. मला अभिनय कोणी शिकवला असं वर्तमानपत्रवाले विचारतात तेव्हा मी देवाची देणगी वगैरे सांगते. देणगी कसली, ती भिंत होती.

गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकात मला एका भांडकुदळ आत्याचं काम मिळालं. चार वाक्यांचं. पहिल्या तालमीत मी त्यात शांताबाई घातल्या आणि चाराची चाळीस वाक्यं झाली. साडी हवी होती, ती शांताबाईंनीच दिली. स्वतःची इंदुरी, आणि चापूनचोपून नेसवलीही त्यांनीच. प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. सगळं सभागृह एकदा माझ्याकडे बघत होतं आणि एकदा त्यांच्याकडे. त्यांच्या एकट्यांच्या लक्षात आलं नाही. परत येताना मला म्हणाल्या, "अशा बाया असतात वनमाले. खरंच असतात."

मी हव म्हटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण टाळ्यांचा आवाज अजून कानात होता, आणि तो आवाज माणसाला फार लबाड करतो.

पुढे राज्य वेगळं झालं. रायपूर राजधानी झालं, भोपाळहून ट्रकांनी फायली आल्या, आणि आमच्या कचेरीत दोन महिने कोणाची फाईल कोणाकडे हेच शोधणं चाललं. त्याच गडबडीत छत्तीसगढी सिनेमाची लाट आली. ज्याच्याकडे दोन पैसे आणि एक मामा होता, तो निर्माता झाला. भैय्यालालनं मंडळाचं नाटक पाहिलं होतं. तो घरी आला आणि म्हणाला, "दीदी, वही वाली बुआ चाहिए. बस छत्तीसगढी में." श्यामराव म्हणाले, "कर. पण रीतसर रजा टाकून कर."

मी रजा टाकली. सिनेमा चालला. साहेब लोक फायलीवर सही करण्याआधी "मॅडम, एक बार बोल दीजिए" म्हणायला लागले, आणि मी बोलायला लागले.

मग एके दिवशी शांताबाई गोल बाजारात पातेलं घ्यायला गेल्या. पातेल्याला पोचा होता. त्यांनी पदर खोचला, सुस्कारा सोडला आणि सुरू झाल्या. दुकानदार हसला. बाजूच्या गिऱ्हाइकांना बोलावून म्हणाला, "सुनो सुनो, माताजी फूफू की नकल बढ़िया करती हैं."

संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. पातेलं आणलं नव्हतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला, हात आत. अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, "माझं बोलणं नेलं तू वनमाले. आता ठेव तूच. अन् माझा उंबरा चढू नको."

त्यानंतर भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. जेवण झालं का, नळ आला का, एवढंच. चाळीस वर्षं बोललेली बाई दोन-दोन शब्दांवर आली. माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना इतकं शांत वाटायचं की मी रेडिओ लावत असे. श्यामरावांची बदली झाली आणि आम्ही क्वार्टरमध्ये गेलो, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

माफी मागायचा प्रयत्न मी एकदाच केला. महामाया मंदिराच्या पायऱ्यांवर त्या समोरून आल्या. मी वाट अडवून म्हटलं, "चुकलं माझं, शांताबाई." मागे दोन बाया होत्या. त्या खुदकन हसल्या आणि एक म्हणाली, "फूफू!" शांताबाई मला वळसा घालून उतरून गेल्या. मी तिथंच उभी राहिले. जगातलं प्रत्येक माणूस हे दोन शब्द म्हणू शकतं, मी म्हणू शकत नव्हते. माझ्या तोंडून ते निघाले की लोकांना हसू येतं.

रविवारी सकाळी मी गेले. साधं सुती पातळ नेसले, कुंकू सोडून तोंडाला काही लावलं नाही. सुशीलनं दार उघडलं. मी उंबऱ्यापाशी थांबले, तर तो म्हणाला, "या न काकू," आणि मी आत पाय ठेवला. त्याची बायको स्नेहल ओलं फडकं घेऊन बाहेर आली. लग्न होऊन दहा वर्षं झालेली, मराठीच घरची, पण रायपुरात वाढलेली. "आइए काकू. मम्मीजी जागी हैं."

खिडकीजवळच्या खाटेवर शांताबाई उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कोणीतरी आणून ठेवल्यासारखा होता. त्यांनी मला पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. तीच भिंत, आमची.

मी येताना ठरवलं होतं, आधी माझ्या आवाजात माफी मागायची. रिक्षात घोकलं होतं.

"शांताबाई," मी म्हटलं, आणि छातीतून तो सुस्कारा आपोआप निघाला. "चुकलं माझं."

फूफूच्या सुरात आलं. 'चु' लांबला, मान तिरकी झाली. दाराशी स्नेहलला हसू फुटलं, तिनं तोंडावर हात ठेवला. "सॉरी काकू."

शांताबाईंनी डोळे मिटले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी पर्स उचलली. "मी जाते सुशील. काहून त्रास द्यायचा त्यांना."

"काकू," तो म्हणाला, "सुरू केलं त पूर्ण करा. मले ऐकू द्या."

त्याचा चेहरा बघून मी पर्स खाली ठेवली. पदर खोचला. मंडळाच्या नाटकानंतर पहिल्यांदाच मराठीत म्हटलं, भिंतीतून ऐकू यायचं तसं. "बरं बाई, चुकलं माझंच. दूधवाला पाणी घालून राहिला, ते मी शिकवलं त्याले. नळ पहाटे चारले येते, ते मीच सांगितलं असन. नणंदेनं लोणच्यात हात घातला ओला..." आणि पंजा उघडून अंगठ्यापासून मोजत गेले. एक, दोन, तीन.

"मम्मीजी ऐसे बोलती थीं?" स्नेहलनं हळूच विचारलं. "इतना?"

सुशील कपाटाकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

तेवढ्यात खाटेच्या लोखंडावर आवाज झाला. टक. शांताबाईंच्या डाव्या हातातली बांगडी. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या. नाही. त्यांनी डावा पंजा उघडून दाखवला, माझ्यासारखा, कॅमेऱ्यासमोर धरतात तसा, आणि पुन्हा मान हलवली. मग बोटं मिटली, अंगठा हळूहळू आडवा नेला आणि करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवला.

मला एकदम आठवलं. त्या पंजा कधी उघडत नसत. पेरांवर मोजायच्या, हात पोटाशी धरून, घरातला हिशेब घरातच ठेवावा तसा. पाचव्या रांगेच्या मागे ते दिसत नाही, म्हणून मला नाटकातच पंजा उघडायला लावला होता. मी विसरून गेले होते. सतरा वर्षं मी चुकीचं मोजत होते आणि टाळ्या घेत होते.

"करंगळीपासून," मी म्हणाले.

त्यांनी एकदा डोळे मिटून उघडले.

मी हात पोटाशी घेतला, अंगठा करंगळीवर ठेवला आणि म्हटलं, "एक." पुढे दूधवाला म्हणणार होते. पण शांताबाईंची नजर माझ्यावरून हलत नव्हती. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या, आणि त्यांचा अंगठा त्या पेरावर इतका दाबलेला होता की नख पांढरं पडलं होतं.

"एक, वनमाला," मी त्यांच्या सुरात म्हटलं. "माझी इंदुरी नेसून मलेच रंगवलं, अन् मी भोळी हसून राहिली तिसऱ्या रांगेत."

त्यांचा अंगठा दुसऱ्या पेरावर गेला.

"दोन, तेच वनमाला. बाजारात लोकं मलेच नकलाकार म्हणाले, अन् हे पेपरात सांगते का देवाची देणगी. देव काय हिच्या भिंतीपलीकडे राहात होता?"

शांताबाईंच्या घशातून एक आवाज आला. स्नेहल पाण्याचा पेला घेऊन धावली, त्यांनी डाव्या हातानं पेला बाजूला केला. तोंडाची डावी कड वर गेली होती. ते हसू होतं की आणखी काही, मला सांगता येणार नाही. माणसं हसली की नाही हे ओळखणं हाच माझा इतक्या वर्षांचा धंदा, तरी सांगता येणार नाही.

त्यांचा हात परत पोटाशी गेला. अंगठा करंगळीच्या तिसऱ्या पेरावर जाऊन थांबला, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

एका हाताला बारा पेरं असतात. स्नेहलनं स्टूल पुढे सरकवलं. मी बसले आणि म्हणाले, "तीन."