डेल्बर्टच्या रानातली फवारणी

"आग लागो त्या बियाण्याला, अन् आणणारीलाबी!" डेल्बर्टनं गुडघ्याएवढ्या कपाशीकडं काठी रोखली. "ही पराटी उभी हाय का रांगतीय?"

त्याची बायको नेल्डा ओट्यावर चवळीच्या शेंगा सोलत होती. मान वर केली नाही. बाजूला बसलेला शेजारचा शेतकरी वेल्डन कॉफीचा कप नुसता हातात फिरवत होता.

उन्हाळ्यात हृदयाच्या ऑपरेशनला डेल्बर्टची छाती चिरली, तेव्हा लामेसा गावच्या रीतीप्रमाणं शेजारपाजारचे ट्रॅक्टर त्याच्या रानात उतरले. फवारणी वेल्डनकडं आली. त्याच्या स्वतःच्या रानाला विहिरीचं पाणी, त्यामुळं कपाशी माजायची. नुसती उंची, बोंडांच्या नावानं शिमगा. झाड उंच व्हायला अंगातच एक रस तयार करतं. तो रस थोपवणारं औषध तो दरसाल मारायचा. मग पेरं आखूड राहतात नि जोर बोंडांत उतरतो. तेच औषध त्यानं मायेनं डेल्बर्टच्या रानातही मारलं. हे रान पावसावरचं, आधीच तहानलेलं, एवढं मात्र डोक्यात आलं नाही. पुढं आभाळानं तोंड फिरवलं. खाली बसलेलं पीक परत उठलं नाही.

आणि डेल्बर्ट चर्चमध्ये सांगत सुटला, "शेजारी असावा तर वेल्डनसारखा!" दर रविवारी वेल्डन बुटांकडं बघत बसायचा.

"फुडल्या साली बियाण्याच्या दुकानाची पायरी चढायची न्हाई," डेल्बर्ट बायकोला म्हणाला. "रानातलं तुला काय कळतंय?"

वेल्डननं कप खाली ठेवला. "बियाणं चांगलं व्हतं, डेल्बर्ट. म्या वाढ थोपवायचं औषध मारलं. कोरडवाहूला. न इचारता."

डेल्बर्टनं हनुवटी खाजवली.

"हात्तिच्या! एवढंच व्हय? मदतीला आलतास, गड्या. चुकतंय मानूस. सोडून दे."

"सोडून दे?" नेल्डा उठली. चवळी ओट्यावर घरंगळली. "त्यानं पीक बसवलं, त्याला एका दमात माफी. म्या नुसतं बियाणं आणलं, तर उन्हाळाभर शिव्या! अन् वेल्डन, तुला आज वाचा फुटली व्हय रं?"

"नेल्डा, मी..."

"बहिणीकडं चालले प्लेनव्ह्यूला. चुलीवर डाळ हाय. दोघं समजूतदार पुरुष जेवून घ्या."

गाडीची धूळ खाली बसली. मग घरातून करपल्याचा वास आला.

"आता ती डाळ खाली कशी उतरवायची?" डेल्बर्टनं हळूच विचारलं.

वेल्डनलाही ठाऊक नव्हतं.