झाकण नसलेला हौद

क्लिफर्डला थंडी वाजते ती फक्त लाकूड फोडायची वेळ आली की. एरवी मेला भर फेब्रुवारीत उघड्यावर पाण्यात बसतो.

माझ्या थोरल्या बहिणीचा, हेल्मीचा, नवरा आर्वो गेल्या हिवाळ्यात गेला. वर्ष सरायच्या आत हा क्लिफर्ड तिच्या घरात येऊन बसला. आयत्या बिळावर नागोबा! शहरात विमा विकायचा म्हणे. आल्या आल्या त्यानं गुरांना पाणी पाजायची पत्र्याची टाकी अंगणात मांडली, तेलाच्या पिंपाची चूल केली, तांब्याची नळी जोडली आणि गावभर सांगत सुटला, "गरम पाण्याचा हौद बांधलाय!"

पलीकडेच आर्वोनं बांधलेला सौना, वाफेच्या अंघोळीची खोली, उभा आहे. चार लाकडांत घाम काढतो. पण साहेबांना तो कोंदट वाटतो.

"अहो, सगळी ऊब आभाळात चाललीय," मी एकदा म्हटलं. "फळ्यांचं झाकण तरी करा."

"झाकण पातेल्याला असतं, मेहुणीबाई. मला चांदण्या बघायच्यात."

लग्नाचा पत्ता नाही, आणि म्हणे मेहुणीबाई!

आणि जाळायला लाकूड कुणाचं? आर्वोचं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तो काहीच बोलला नाही. कधी बोलायचाच नाही म्हणा. उन्हाळाभर बर्चची झाडं तोडत, फोडत, रचत राहिला. आपल्यामागे हेल्मीला दोन हिवाळे पुरेल एवढं. तिचं घर त्यावरच तापतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या थंडीच्या लाकडाला चोरही हात लावत नाही. या बाबानं एका हिवाळ्यात दोन्ही हिवाळ्यांचं लाकूड फस्त करत आणलं. तरी पाणी आपलं कोमटच.

"ताई, डोळे फुटले का गं तुझे? मार्चात काय जाळशील, खुर्च्या?"

"घरात कुणीतरी बोलतं गं, आयली," ती म्हणाली. "आर्वोच्या संसारात मी भिंतीशी बोलले."

कपाळ माझं! तणतणत घरी आले.

शनिवारी दुपारी पुन्हा गेले. ओसरीवरून एक विजेची वायर क्लिफर्डच्या गाडीपर्यंत गेली होती. थंडीत इंजिन आधी वायर लावून तापवल्याशिवाय आमच्याकडे गाडी सुरू होत नाही. मला वाटलं, दोघं बाजारात निघालीत. पण हा हौदात, डोक्यावर लोकरीची टोपी, मिशांवर बर्फ.

"हेल्मी, लाकडं आण गं! विझतेय चूल!"

एवढीशी रास उरली होती, अगदी मागची, आजवर हात न लागलेली. हेल्मी तिच्यापाशीच उभी होती. सगळी लाकडं बारीक, मनगटाएवढी.

"ही कुणी फोडली गं? काड्या नुसत्या!" क्लिफर्ड हौदातून खिदळला. "भुर्रकन जळतात. माणसाला धड लाकूडही फोडता येत नव्हतं!"

माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात हेल्मीनं एक लाकूड उचललं. एका हातानं. सांध्यांच्या दुखण्यानं तिला चहाची किटलीही दोन्ही हातांनी धरावी लागते.

"आर्वोनं माझ्यासाठी फोडलीत," ती म्हणाली. "सकाळी उचलायला गेले तेव्हा कळलं."

तिनं ते लाकूड परत राशीवर ठेवलं, नीट, सालीची बाजू वर करून.

"मग आण ना चार!"

"ऊठ, अंग पूस. सकाळपासून तुझ्या गाडीला वायर लावून ठेवलीय. चांदण्या दिसायच्या आत शहर गाठशील."