दाढदुखीचा बाक

“दाताचं कोण आहे? आत या,” दाताच्या दवाखान्यातल्या कुणालीने दारातून मान बाहेर काढून विचारलं, आणि बाकावरच्या दोघांनी गालावरचा हात एकदमच घट्ट दाबला.

एक सकुबाई, दुसरा मंगळू भगत. दोघं डोळखांबकडच्या एकाच पाड्यावरचे. दाढ दोघांचीही दुखत नव्हती.

शहापूरच्या बाजारात मेडिकलच्या शेजारून जिना वर जातो. वर दोन दारं. डावं सुयोग डेंटिस्टचं, उजवं निशिगंधाचं, मध्ये दोघांत मिळून हा एक बाक. निशिगंधा मुरबाडची. काही भयंकर घडून ज्यांच्या मनाला धक्का बसलाय, अशांशी बोलणं हे तिचं काम. कॉलेजातली पोरं येत, मोठी माणसंही येत. आधी तिने नाक्यावर गाळा घेऊन भला मोठा बोर्ड लावला होता. तिथे महिनोन्‌महिने फक्त झेरॉक्सची चौकशी करणारे आले. मग ती इथे आली, बोर्ड लावलाच नाही, आणि माणसं यायला लागली. दाताच्या डॉक्टरकडे जायला कसली लाज? गालाला रुमाल लावायचा, जिना चढायचा आणि हळूच उजवीकडे शिरायचं. वाशिंदच्या कारखान्यातला एक जण येताना डावा गाल धरायचा, जाताना उजवा. खालचा मेडिकलवाला म्हणे, तालुक्याच्या पाण्यातच काहीतरी आलंय. सुयोगची तक्रार एवढीच, की बाक भरलेला असतो आणि खुर्ची रिकामी.

गेल्या वर्षी भातलावणीत सकुबाईच्या मुलीला, पारूला, साप चावला. तिला उचलून मंगळूकडे नेलं, कारण तो पाड्याचा भगत, अंगारा लावणारा, आणि काहीही झालं की आधी त्याच्याकडेच न्यायची रीत. तिथेच, त्याच्या मांडीवर, ती गेली.

मंगळू गुरुवारी यायचा. “मी बोललो, शहापूरला न्या,” तो निशिगंधाला सांगायचा. “पन एकदाच बोललो, मॅडम. हातात अंगारा धरून बोलल्यावर कोन ऐकतो?” तेव्हापासून कुणाच्या कपाळाला अंगारा लावायचा म्हटलं की तो त्याच्या चिमटीतून सांडे. एकदा तर अंगारा पाहुण्याच्या चहात पडला. पाहुण्याचा जुना खोकला नेमका त्याच आठवड्यात थांबला, त्यामुळे मंगळूचं नाव कमी व्हायचं ते उलट वाढलं. लोक पार किन्हवलीहून यायला लागले. भगतच कुणाकडे बरा व्हायला जातो हे कळलं असतं, तर त्याच्या हातातला अंगारा नुसती चुलीतली राख झाला असता.

सकुबाईचा वार सोमवार. तिचं म्हणणं, “तो बोललावता न्या म्हनून. मीच बोलले, तुजा हात हाय ना, मग कशाला.” मंगळू तेव्हापासून तिच्या अंगणात आला नव्हता. तो आपल्याला दोष देतो, असं ती धरून चालली होती. आणि मंगळूची खात्री होती की सकू आपलं तोंडही बघणार नाही.

निशिगंधाला दोन्हीकडचं माहीत. इकडचं एक वाक्य तिकडे नेलं असतं तर दोघांच्या छातीवरचा दगड हलला असता. पण इथे बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही, असं तिने दोघांनाही शब्द देऊन सांगितलं होतं. एकमेकांशी बोलून बघा, एवढं तिने दोघांना वेगवेगळं सुचवलं. दोघांनीही नाही म्हणून माना हलवल्या. त्या वाक्याचं ओझं ती रोज मुरबाडला घरी न्यायची आणि परत आणायची.

या सोमवारी पाड्यावर गावदेवीची पूजा होती म्हणून सकुबाई न सांगता गुरुवारी आली. निशिगंधा आत आटगावच्या बारावीतल्या मुलीशी बोलत होती. बाहेर बाकावर मंगळू.

“दाढ?” सकुबाईने विचारलं.

“दाढ,” मंगळू म्हणाला. “तुजी?”

“माजी पन.”

कुणालीने हाक दिली तेव्हा आधी तू जा, नको तू जा, असं पंगतीत चालतं तसं चाललं. शेवटी मंगळू उठला. सुयोगने तपासलं. एक दाढ जराशी हलतेय, काढायची काही गरज नाही, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, म्हणाला. दार उघडंच होतं. बाहेर सकुबाई ऐकतेय हे मंगळूला ठाऊक होतं.

“काढा,” तो मोठ्याने म्हणाला. “लय दुखते.”

सुयोगने दोनदा समजावलं. पण खुर्ची बरेच दिवस रिकामी होती, आणि दाढ आज ना उद्या जाणारच होती.

मंगळू बाहेर आला तो काढलेल्या दाढेच्या जागी कापसाचा बोळा घेऊन. कुणालीने मागून बजावलं, अर्धा तास घट्ट चावून धरायचं, अजिबात बोलायचं नाही.

तेवढ्यात आटगावच्या मुलीला सोडायला निशिगंधाने दार उघडलं. बाकावर दोघांना शेजारी शेजारी बघून ती उंबऱ्यातच थांबली. मुलगी जिना उतरून गेली. सकुबाईचं तिकडे लक्षच नव्हतं.

“लय दुखलं काय, मंगळूदादा?”

मंगळूने मान हलवली, नाही.

“दुखंल आता. भूल उतरली का दुखंल.” ती बाकावर त्याच्याकडे सरकली. “तू बोललावतास, शहापूरला न्या. मी ऐकलंवतं. सगल्यांनी ऐकलंवतं. मीच नाय नेली तिला.”

मंगळूचा हात तोंडातल्या बोळ्याकडे गेला. सकुबाईने तो धरून खाली ठेवला.

“बोलू नको. सांगितलंय ना तिनं.” तिने हात सोडला नाही. “तू अंगनात येईनास, मना वाटलं तू माज्यावरच दोस धरून बसलास. आज हितं बसले, डाक्टर बोलला ते ऐकलं न् समजलं. तुजी पन दाढ दुखत नव्हती.”

मंगळूने वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालावर आता रुमाल नव्हता.

निशिगंधाने आपलं दार आवाज न करता लोटून घेतलं.

सकुबाई बोलत राहिली, पारूबद्दल. लहानपणी ती मंगळूच्याच अंगणातल्या चिंचेवर चढून बसायची आणि उतरता येईना म्हणून रडायची, तेही. बऱ्याच वेळाने कुणालीने येऊन सांगितलं, बाबा, टाका आता बोळा, चालेल. मंगळूने मान डोलावली, पण बोळा तसाच चावून धरला.

डोळखांबच्या एसटीची वेळ झाली तेव्हा दोघं उठले. सकुबाईने रुमाल कमरेला खोचला. ती पुढे, मंगळू मागे, असे भर बाजारात जिना उतरले. मंगळूचा गाल आता खरंच सुजला होता, तरी त्याने त्याला हात लावला नाही.